जुन्या डीव्हीडीवरचा सिनेमास्कोप टीव्हीवर नीट आणायचा तर

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते. सुती फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि तेवढा भाग वाचताच येत नाही. थिनर नको. मग मेकएमकेव्ही या डिस्क उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, स्वतःच्या घरापुरता, सिनेमा जसाच्या तसा उतरवून घ्या.

आपल्याकडच्या बऱ्याच डिस्क एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या) आहेत आणि सिनेमास्कोपचं रुंद चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत, काळ्या पट्ट्यांसकट बसवलेलं. ४८० ओळींतल्या जेमतेम २७२ चित्राच्या वाट्याला येतात. नव्या टीव्हीवर ते पोस्टाच्या तिकिटासारखं मधोमध दिसतं, म्हणून लोक स्ट्रेच दाबतात आणि नायिकेचा चेहरा बसका होतो.

आधी कॅमेरा आडवा फिरतो असा एखादा शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. पाचातल्या तीन स्वच्छ आणि दोन फ्रेममध्ये फणीसारखे दाते दिसले, तर सेकंदाच्या २४ फ्रेमच्या ३० केल्यात. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फील्डमॅच (विस्कटलेल्या फ्रेम जुळवतो) आणि त्यामागून डेसिमेट (जादा फ्रेम काढतो) लावा, वेग २३.९७६ वर येतो. नुसतं डीइंटरलेस (दाते पुसणं) करू नका. चित्र मऊ पडतं, जादा फ्रेम तशीच राहते आणि कॅमेरा फिरताना झटके बसतात. हे काळ्या पट्ट्या कापण्याआधीच करायचं, कारण विषम ओळींवर कापलं की फील्डचा, म्हणजे फ्रेमच्या सम-विषम ओळींच्या दोन अर्धांचा, क्रम उलटतो. डिस्क पालची (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीची) असेल तर सिनेमा २५ च्या वेगाने पळतो, गाणीही चढ्या पट्टीत ऐकू येतात. चित्र आणि आवाज दोन्हींचा वेग ०.९६ पटीवर आणा.

मग कापणी. काळ्या पट्ट्या मोजणारा एफएफएमपेगचा क्रॉपडिटेक्ट उन्हातल्या प्रसंगावर चालवा. रात्रीच्या प्रसंगात अंधारालाच ते पट्टी समजतं. साधारण वर-खाली १०४-१०४, बाजूंना ८-८ जातात. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात, म्हणून उरलेलं ७०४ × २७२ हे चौरस पिक्सेलमध्ये ६४० × २७२ होतं. दुप्पट करून १२८० × ५४४ ठेवा. १९२० केल्याने तपशील वाढत नाही, फाइल तेवढी फुगते. बैलगाडीचं चाक गोल दिसलं की माप बरोबर.

जुन्या ईस्टमन रंगीत फिल्मच्या प्रिंटमधला निळा-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून सगळं गुलाबी दिसतं. पांढरं धोतर किंवा टोपी पांढरी होईपर्यंत लाल कमी करा. त्वचा मेणचट दिसू लागली तर थोडं मागे या. डाग काढणारा फिल्टर पावसाच्या धारा आणि बांगड्यांची चमकही खातो, तेव्हा तो पावसाच्या गाण्यावर तपासा. फिल्मचे दाणे राहू द्यात, त्यातच चित्राचा पोत आहे.

शेवटी एक्स२६४ एन्कोडरने फाइल बनवा: सीआरएफ (दर्जाचा आकडा) १७, ट्यून ग्रेन (दाणे जपणारी सेटिंग). फाइल एमकेव्हीच ठेवा: मध्येच लाइट गेली तरी झालेला भाग चालतो, अर्धवट एमपी४ बहुधा उघडतच नाही. घरात कन्नड वाचणारे असतील तर सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा. तरीही अक्षरांऐवजी चौकोन आले तर टीव्हीत कन्नड फॉन्ट नाही. लॅपटॉप एचडीएमआयने जोडून व्हीएलसीवर लावा.