मामाच्या विहिरीपासून तुब्बताहापर्यंत: डाइव्ह बोटीवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ वर जातो, कॉलेजला सुट्टी असते, आणि नेमका त्याच दिवसांत सुलू समुद्र शांत असतो. फिलिपिन्समधल्या तुब्बताहा रीफ्स नॅचरल पार्कमध्ये, म्हणजे प्रवाळ या समुद्री जिवांनी बांधलेल्या खडकांच्या (रीफच्या) राखीव उद्यानात, पर्यटकांना मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच जाता येतं. उरलेलं वर्ष वारा आणि लाटा तिथे बोटीला उभं राहू देत नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे हे वेळापत्रक माझ्यासाठीच आखल्यासारखं होतं. सहा रात्री मी एका डाइव्ह बोटीवर राहिले. परत आल्यापासून ओळखीतले चार-पाच जण जायचं म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बोटीवर राहायचं का, ते सांगते. तुब्बताहा पुएर्तो प्रिन्सेसा बंदरापासून साधारण १५० किलोमीटर आत, भर समुद्रात आहे. तिथे हॉटेल नाही, वस्ती नाही, धक्का नाही. रात्री बोट निघते आणि दहा-बारा तासांनी, पहाटे, रीफवर पोचते. मग खाणं, झोपणं, पाठीवरच्या हवेच्या टाक्या भरणं, कपडे वाळवणं सगळं बोटीवरच. दिवसाला तीन ते चार डाइव्ह. सकाळी सहाला पहिली, मग नाश्ता, दुसरी, जेवण, तिसरी, असं चालतं. दिवसभर फिरून संध्याकाळी परतायचं, अशी सहल तिथे होऊच शकत नाही.

माझं पोहणं मंगळवेढ्याजवळ मामाच्या विहिरीत झालं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाने ढकललं, आठवड्याने डबा सोडला, आणि पंधरा दिवसांत मी पायरीवरून सूर मारायला लागले. सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागात असं विहिरीत शिकलेले पुष्कळ आहेत, आणि त्यांना मी सांगेन की हा पाया चांगला आहे. पाण्याची भीती नसणं ही मोठी गोष्ट. पण विहिरीने एक सवय लावलेली असते ती मोडावी लागते. विहिरीत बुडी मारताना आपण दम कोंडतो. स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा ओढत पाण्याखाली जाण्यात, दम कधीच कोंडायचा नाही. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर आपण पृष्ठभागाच्या चौपट दाबाची हवा ओढत असतो. ती छातीत कोंडून वर आलं तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. बॉईलचा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते, अंगावर कळला तो तारकर्लीला.

शिकायला तारकर्ली-मालवणच घ्या, असं माझं मत आहे. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली फिरवून आणतात ते वेगळं, त्याला शिक्षण म्हणत नाहीत. ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीचा, पूर्ण कोर्स करा. साधारण चार दिवस लागतात, २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं, आणि त्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढचा अ‍ॅडव्हान्स्डचा कोर्स ३० मीटरपर्यंत नेतो. मालवणला पाणी गढूळ असतं म्हणून लोक नाक मुरडतात. मला ते गढूळ पाणीच उपयोगी पडलं. चार हात पुढचं दिसत नसताना जो शांत राहायला शिकतो, त्याला पुढे स्वच्छ पाण्यात घाबरायला होत नाही.

त्यानंतर मी घाई केली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. प्रमाणपत्र हातात पडल्यावर पहिल्याच सहलीत, एका बेटाजवळ, मी फोटो काढायच्या नादात खाली गेले आणि माझ्या पायातल्या फिनचा (रबरी पंखाचा) फटका शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाला बसला. तळहाताएवढी फांदी तुटून वाळूवर पडली. या जातीची फांदी वर्षाला काही सेंटीमीटर वाढते, आणि गोल, दगडासारखी दिसणारी प्रवाळं त्याहून कितीतरी हळू. माझ्या एका लाथेने त्या जिवांची काही वर्षं गेली. त्या दिवसापासून मी ठरवलं की शरीर पाण्यात जिथल्या तिथे ठेवता येईपर्यंत राखीव क्षेत्रात पाऊल टाकायचं नाही.

याला बॉयन्सी म्हणतात, आणि नवख्याने सगळ्यात जास्त वेळ यावर घालवावा. वर्गात सांगतात त्यापेक्षा ती सोपी आणि अवघड दोन्ही आहे. श्वास घेतला की शरीर थोडं वर जातं, सोडला की खाली बसतं, पण लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी. नवखा माणूस वाट पाहत नाही. खाली जातोय असं वाटलं की अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरतो, मग भसकन वर जातो, मग हवा सोडतो, की पुन्हा दगडासारखा खाली. उपाय एकच: कमरेला शिसं कमी लावा आणि वाट पाहा. मी सुरुवातीला आठ किलो लावायचे, आता चार पुरतात. पाय सायकलसारखे न मारता बेडकासारखे मारायचे, म्हणजे खालची वाळू उडत नाही. मी पालिकेच्या जलतरण तलावात दोन उन्हाळे फक्त पाय आणि आडवं राहणं घोटलं, टाकी न लावता. मग कर्नाटकातलं नेत्राणी बेट, मग अंदमान. तुब्बताहाच्या बोटीने अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि ५० डाइव्ह मागितल्या, तेव्हा माझ्या वहीत ६२ होत्या. ही अट अडवण्यासाठी नाही. तिथे भिंतीसारख्या उभ्या कड्यांवर डाइव्ह असतात, खाली तळ दिसत नाही, ठाव लागायचा प्रश्नच नाही, आणि पाण्याचा करंट कधी आडवा तर कधी खाली ओढतो. एका जागेचं नावच ‘वॉशिंग मशीन’ आहे.

कान, नाक, दात आधी तपासून घ्या. डाइव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म खरा भरा; दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही. गोळी घेऊन उतरलं आणि खाली असताना तिचा असर संपला तर कानात अडकलेली हवा वर येताना वाट शोधते. बोट लागत असेल तर गोळी घरी एकदा घेऊन बघा, मला एका गोळीने दिवसभर झोप येत होती, ती मी बदलली. चष्मा असणाऱ्यांना नंबरचा मास्क मिळतो. बायकांसाठी एवढंच की पाळीत डाइव्ह करता येते, मी केली आहे. आणि अंग उघडं राहतं का, या आईला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर: वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. तीन मिलिमीटरचा पुरतो, पण दिवसाला चार वेळा भिजल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी २८ अंश असूनही हुडहुडी भरते, म्हणून डोक्याला हुड न्या.

बोट निवडताना फोटोतल्या सनडेकवर जाऊ नका. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या दालनात झोपलेले ३४ जण गेले. रात्री जागा राहून फेरी मारणारा माणूस तिथे नव्हता. म्हणून बुकिंगच्या आधी मी तीन प्रश्न लिहून पाठवले: रात्री पहारा कोण देतं, केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. एका बोटीने उत्तर टाळलं, तिला मी सोडलं. चढल्यावर पहिल्या तासात दोन्ही वाटा स्वतः चालून पाहा, आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका.

विमा हवाच, डाइव्हिंगचा वेगळा. मी डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा घेतला. साध्या प्रवास विम्यात बहुतेक वेळा स्कूबा बसत नाही किंवा खोलीची मर्यादा असते. रीफवर काही झालं तर किनाराच दहा-बारा तास लांब आहे, हे डोक्यात ठेवून डाइव्ह करायची: डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, सांगतो त्याच्या आतच वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि नारंगी फुगा, ज्याला एसएमबी म्हणतात, तो खालून सोडता यायलाच हवा. लाटांत माणसाचं डोकं दिसत नाही, फुगा दिसतो, आणि मागे फिरणारी छोटी बोट त्यावरच येते.

माझा विमान, बोट, विमा, शुल्क धरून साडेतीन लाखांच्या आसपास खर्च झाला. मी त्यासाठी तीन वर्षं भिशी लावली होती. स्वतःचा मास्क, कॉम्प्युटर आणि फुगा घ्या; बाकी सगळं भाड्याने मिळतं. शाकाहारी असाल तर आधी कळवा, आणि शेंगाचटणी न्या. बोटीवरच्या भातावर माझी चटणी दोन दिवसांत संपली, त्यात अर्धा वाटा स्वयंपाक्याचा.

आता तिथलं. तुब्बताहा म्हणजे दोन कंकणाकृती प्रवाळद्वीपं, उत्तर आणि दक्षिण, आणि जेसी बीझली नावाची एक छोटी रीफ. सगळं मिळून ९७,०३० हेक्टर. नाव सामा भाषेतलं, अर्थ ‘ओहोटीला उघडी पडणारी लांब रीफ’. १९८० च्या दशकात इथे डायनामाइट आणि सायनाइड वापरून मासेमारी व्हायला लागली, म्हणून १९८८ मध्ये हे राष्ट्रीय सागरी उद्यान झालं आणि १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. इथे मासेमारी पूर्ण बंद आहे. पक्ष्यांच्या बेटांवर पर्यटकांना उतरता येत नाही. हातमोजे घालू देत नाहीत, कारण मोजा असला की माणूस प्रवाळाला धरतो. मला हा नियम फार आवडला.

पहिल्या सकाळी मी ‘शार्क एअरपोर्ट’ला उतरले. उताराच्या वाळूवर पांढऱ्या टोकाचे शार्क विमानांसारखे ओळीने थांबलेले. एक उठला, माझ्यासमोरून वळसा घेऊन पुन्हा बसला. मी श्वास हळू ठेवला, हात छातीशी. पलीकडच्या कड्यावर जॅक माशांचा थवा फिरत होता, इतका दाट की वरून येणारं ऊन त्यात अडत होतं. आपल्याकडे एवढे मोठे मासे बाजारात दिसतात, पाण्यात नाही. मोठे मासे उरले की त्यांची पिल्लं आजूबाजूच्या समुद्रात जातात, आणि त्याचा फायदा बाहेरच्या मच्छीमारांना होतो. बंदीचा हिशोब असा आहे.

पण जपलेल्या जागेलाही धक्का बसतोच. १७ जानेवारी २०१३ ला अमेरिकी नौदलाचं ‘गार्डियन’ हे सुरुंगविरोधी जहाज दक्षिणेकडच्या रीफवर चढलं. ओढून काढलं असतं तर आणखी नुकसान झालं असतं, म्हणून जागेवरच तुकडे करून उचललं. २,३४५ चौरस मीटर रीफ चिरडली गेली. २०१५ मध्ये अमेरिकेने ८.७ कोटी पेसो भरपाई दिली.

चौथ्या दिवशी रेंजर्सच्या ठाण्यावर गेलो. समुद्राच्या मधोमध एका वाळूच्या पट्ट्यावर ते उभं आहे, आणि नौदल, तटरक्षक, उद्यान कार्यालय आणि कागायानसिल्यो पालिकेची माणसं तिथे दोन-दोन महिने राहतात. पर्यटकांच्या शुल्काचा मोठा वाटा या पहाऱ्यावरच जातो. मी सोलापुरी टॉवेलांचा गठ्ठा नेला होता. एकाने विचारलं, तुमच्या गावापासून समुद्र किती लांब? साडेतीनशे किलोमीटर, मी म्हटलं. मग तुमच्याकडे राखायला काय आहे? मी त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य सांगितलं, १९७९ चं. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून मी तिथे माळढोक पाहिला होता, माळरानावर मान ताठ करून चालणारा. आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. किती उरलेत, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ टॉवेलाची घडी हातात धरून उभा होता, मग त्याने मला आत नेऊन त्यांची गस्तीची वही दाखवली, रोजची, तारीखवार.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर रक्तातला नायट्रोजन त्रास देतो. मी पूर्ण एक दिवस पुएर्तो प्रिन्सेसात धरला होता, तुम्हीही तिकीट तसंच काढा. मग मनिला, मुंबई आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. घरी आल्यावर सामान भरपूर गोड्या पाण्यात भिजवावं लागतं, मीठ राहिलं तर जॅकेटचे व्हॉल्व्ह बिघडतात. आमच्या गल्लीत तेव्हा चार दिवसांआड पाणी येत होतं. म्हणून रविवारी सगळी पिशवी घेऊन मंगळवेढ्याला गेले आणि मामाच्या विहिरीवर मोटर चालू करून वेटसूट, मास्क, फिन्स धुतले. मामाची नात डबा बांधून पायरीवर बसली होती. तिने मास्क मागितला, मी दिला.