बॅनर, बोर्ड की होर्डिंग? ऑर्डर देण्याआधी

सांगलीत छपाईवाल्याकडे जाऊन 'एक मोठा बोर्ड करून द्या' म्हटलं, की तो आधी विचारतो, 'फ्लेक्स का एसीपी?' फ्लेक्स म्हणजे छपाईचं प्लास्टिकचं कापड, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचे पातळ थर असलेली कडक शीट. दोन्हींच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून हे शब्द आधीच वेगळे करून घ्या.

बोर्ड कडक असतो: सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), ॲक्रिलिक, एसीपी किंवा पत्रा. बॅनर गुंडाळता येतं आणि दोरीनं ताणून बांधतात. फ्लेक्स हे नुसतं मटेरियल. ते बॅनरला चालतं, होर्डिंगवरही चढतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच. होर्डिंग म्हणजे रस्त्याकडेचा लोखंडी सांगाडा. अमेरिकन माणूस त्याला बिलबोर्ड म्हणेल. बांधकामाच्या इंग्रजी कागदात मात्र 'होर्डिंग' दिसलं तर ते बहुधा साइटभोवतीचं पत्र्याचं कुंपण असतं, जाहिरात नव्हे. पोस्टर कागदाचं, चिकटवायचं. प्लॅकार्ड मोर्चात हातात धरायचं. स्टँडी स्वतःच्या पायावर उभी राहते.

माप सांगताना रुंदी आधी, उंची नंतर, आणि तसं बोलूनही दाखवा. 10 बाय 4 सांगून 4 बाय 10 छापून आलं तर पैसे कुणी द्यायचे यावर वाद ठरलेला. लाकडी फ्रेमवर ठोकायचं असेल तर चारही बाजूंनी 3-4 इंच जादा फ्लेक्स सोडायला सांगा, नाहीतर कडेचा मजकूर फ्रेमच्या मागं जातो. दोरीनं बांधायचं असेल तर कड दुमडून दर 2 फुटांवर रिंग मारून घ्या. फक्त चार कोपऱ्यांत रिंगा मारल्या की वाऱ्याचा सगळा ताण तिथंच येतो आणि कोपरा फाटतो. ग्लो साइनला, म्हणजे आतून दिवे असलेल्या पाटीला, मागचा उजेड पुढं येऊ देणारा बॅकलिट फ्लेक्सच हवा. साधा लावला तर रात्री रंग मरतात.

मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) असेल तर फाइल देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा. नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अक्षरांची वाट लागते. युनिकोडमध्येही जुनी सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतात. प्रूफमध्ये 'हार्दिक' बघाच: रफार आणि वेलांटी दोन्ही एकाच अक्षरावर, घोळ तिथं लगेच कळतो.

अक्षराची उंची ठरवताना वाचणाऱ्यापासूनच्या दर 10 फूट अंतराला 1 इंच धरा. पुणे-बेंगळुरू हायवेवर ताशी 80 किलोमीटरनं जाणारी गाडी 3 सेकंदांत सुमारे 220 फूट जाते. म्हणजे तेवढ्या वेळात वाचून व्हायचं तर अक्षर 22 इंचांचं हवं. तिथं पत्ता, तीन मोबाइल नंबर आणि सगळ्या शाखांची नावं कोण वाचणार?

दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवी आणि तिची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत, हे महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं सगळ्या दुकानांना लागू आहे. होर्डिंगला पालिकेची परवानगी आणि सांगाड्याचं स्थैर्य प्रमाणपत्र घ्या. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली.

आकडा सतत बदलणार असेल, तर छापूच नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराच्या पाण्याला 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका हे रंगवून ठेवता येतं. आत्ताचं पाणी सांगायला काळा फळा नाहीतर एलईडी डिस्प्ले लागतो. डिस्प्ले घेताना एक बघा: बाहेर लावायच्या पी-10 मॉड्यूलला (ज्या तयार तुकड्यांनी डिस्प्ले जोडतात त्यातल्या एकाला) उभे 16 च ठिपके असतात. इंग्रजी त्यात बसतं, मराठीच्या वेलांट्या-उकार चिरडतात. मॉड्यूलच्या दोन रांगा एकावर एक लावून घ्या.