आधी वाइन, मग कयाक? नाशिकच्या सहलीत या चुका टाळा

सकाळी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये कयाकिंग, म्हणजे छोट्या निमुळत्या होडीतून वल्हवणं, दुपारी जवळच्या वायनरीत टेस्टिंग. पुण्या-मुंबईची मंडळी ही सहल आता सर्रास करतात. मी अशा गटांना पाण्यावर घेऊन जातो. दर हंगामात माणसं नवी येतात, चुका मात्र त्याच करतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे क्रम उलटा करणं. मुंबईहून उशिरा निघायचं, कसारा घाटात अडकायचं, नाशिकला पोचेपर्यंत बारा वाजवायचे. मग कोणीतरी सुचवतं, ‘ऊन उतरेपर्यंत वाइन घेऊ, नंतर पाण्यात जाऊ.’ टेस्टिंगमध्ये एकामागून एक पाच-सहा प्रकार समोर येतात. घोट लहान असल्यामुळे किती घेतली याचा हिशेब राहत नाही. दारूने तोल जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब मात्र झपाट्याने निघून जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यात दुपारनंतर धरणावर वारा सुटतो.

एका जानेवारीत दुपारी एक गट आला. कोणी घेतलीय का, असं मी विचारलं. सगळे म्हणाले, ‘नाही दादा, अजिबात नाही.’ किनारा सोडून थोडं आत गेलो असू, तेवढ्यात दोघांच्या कयाकमधला पुढचा गडी फोटोसाठी मागे वळला, अर्धवट उभा राहिला आणि नाव उलटली. लाइफ जॅकेट असल्यामुळे दोघेही तरंगले. ‘नाव सोडू नका, तिलाच धरून राहा,’ मी ओरडत होतो. मागच्याने ऐकलं. पुढचा मात्र नाव सोडून किनाऱ्याकडे हातपाय मारत सुटला. वारा त्याला उलट दिशेला नेत होता, तेही त्याला कळत नव्हतं. माझ्या कयाकच्या मागच्या टोकाला लटकवून त्याला काठावर आणला, तेव्हा भर उन्हातही त्याचे दात वाजत होते. तिथे त्याच्या मित्राने सांगितलं, दोघे अकरा वाजताच कुठेतरी टेस्टिंग करून आले होते.

तेव्हापासून जॅकेट चढवताना मी प्रत्येकाशी जवळ उभा राहून दोन वाक्यं बोलतो. वास आला की तो माणूस काठावर थांबतो. पैसे भरलेत, लांबून आलोय, फक्त दोनच घोट घेतलेत, यातलं काहीही चालत नाही.

आदल्या रात्री नाशिकलाच मुक्काम करा. साडेसातला पाण्यावर या, तेव्हा वारा पडलेला असतो. दहापर्यंत बाहेर या, कोरडे कपडे घाला, पोटभर जेवा आणि मग वायनरीत जा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, म्हणून विंडचीटर हवाच. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही.

दुसरी चूक वल्ह्याची. नवखी माणसं नुसत्या दंडाने पाणी ओढतात आणि अर्ध्या तासात खांदे धरून बसतात. पाय फूटरेस्टला टेकवा, पाठ सरळ ठेवा, वल्हं पावलांजवळ पाण्यात घाला आणि कमरेतून वळा. कंबरेशी आलं की बाहेर काढा. मूठ आवळू नका. हे मी काठावरच शिकवतो, त्याला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यातही ‘आम्ही व्हिडिओ बघून आलोय’ म्हणत घाई करणारे असतात. पाण्यावर सगळ्यात आधी हेच दमतात. आणि जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे थकलेल्या हातांनी परतताना वारा सोबतीला येतो.

जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत.

आता वायनरीतल्या चुका. नाशिकला येऊन मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, पण टेस्टिंगच्या तोंडावर ती खाऊ नका. झणझणीत रश्श्यानंतर शेनिन ब्लाँसारखी व्हाइट वाइन काय आणि साधं पाणी काय, जिभेला फरक कळत नाही. अत्तर आणि उग्र वासाचं सनस्क्रीनही नको, अर्धी चव नाकानेच कळते. बबली म्हणजे फसफसणारी वाइन आणि व्हाइट आधी, रेड नंतर, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट सगळ्यात शेवटी. ‘थेट रेड द्या’ म्हणणाऱ्याला मागाहून आलेली व्हाइट पाणचट लागणारच. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनधास्त वापरा. दोन वाइनच्या मध्ये पाणी प्या, सकाळी वल्हवून अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

वेलीवर द्राक्षांचे घड पाहायचे असतील तर जानेवारी ते मार्च या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे वेलीच्या काड्या आखूड छाटून टाकतात, आणि मेमध्ये लोक द्राक्षं कुठे म्हणून विचारत फिरतात. बागेत घड तोडू नका, फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येते म्हणून बुकिंग करता, पण त्या दिवशी ड्राय डे असतो.

गाडी चालवणारा घरूनच ठरवून या. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा, आणि टेस्टिंग म्हणून सूट मिळत नाही. विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, वाइन तापून बिघडते. मी थर्माकोलचा डबा नेतो आणि बाटल्या निघतानाच घेतो.