जुने कच्छी चांदीकाम: अस्सल नग आणि नक्कल ओळखण्याची रीत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूजच्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या चहादाण्या, दूधदाण्या आणि साखरदाण्या बहुतांशी युरोपीय ग्राहकांसाठी होत्या. १८५१च्या लंडन प्रदर्शनानंतर हिंदुस्थानी कलाकुसरीला तिकडे मागणी वाढली आणि घाट युरोपीय, पण अंगभर दाट वेलबुट्टी व तीत धावणारे प्राणी-पक्षी, असे हे काम नावारूपाला आले. ठाण्यात राहून त्याचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने खरेदीपूर्वी नजर तयार करावी. लोकलने भायखळ्याला उतरून १८७२ साली सुरू झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे, कारण त्या काळच्या हस्तकलेचा दर्जा तिथे प्रत्यक्ष पाहता येतो.

नग हातात आला की शिक्का शोधण्याची घाई करू नये. झाकण काढून, विजेरी लावून, आधी आतली बाजू पाहावी. कच्छी उठावकामात भांड्यात राळ भरून बाहेरून छिन्न्यांनी नक्षी उठवली जात असल्यामुळे, आतून अस्तर नसेल तर, प्रत्येक पानाचा आणि फांदीचा ठसा आतल्या पत्र्यावर उमटलेला दिसतो. ओतकामाच्या नकलेत आतला भाग बहुधा सपाट किंवा खरखरीत असतो, भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि साच्याच्या जोडाची रेघ घासूनही पुरती जात नाही. यंत्राने दाबलेल्या पत्र्यावर मात्र आतही ठसा असतो. म्हणून तिथे पुनरावृत्ती तपासावी. हाताने केलेल्या कामात दोन हरणे कधीही तंतोतंत सारखी नसतात, आणि उत्तम नगात तर प्राण्याच्या अंगावरचे केसही छिन्नीच्या वेगवेगळ्या घावांनी दाखवलेले असतात. माझ्या मते दर्जाची खरी कसोटी पार्श्वभूमीच्या बारीक ठिपक्यांत आहे, कारण कंटाळलेला किंवा घाईतला हात तिथे लगेच उघडा पडतो.

झीजही वाचता आली पाहिजे. वर्षानुवर्षे हाताळलेले भांडे मुठीपाशी, तळाच्या कडेला आणि नक्षीच्या उंचवट्यांवर गुळगुळीत होते, तर रसायनाने जुने केलेल्या भांड्यावर काळपटपणा सगळीकडे सारखाच बसलेला असतो.

शिक्क्याला शेवटचे स्थान द्यावे. उमरशी मावजी या भूजच्या नामांकित कारागिराची रोमन लिपीतली ‘ओ. एम.’ ही अक्षरे किंमत वाढवतात, आणि म्हणूनच सुमार भांड्यांवरही ती ठोकली जातात. उलट ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीवर सरकारी हॉलमार्क सक्तीचा नसल्याने, उत्कृष्ट पण बिनशिक्क्याचे नगही पुष्कळ सापडतात.

टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, पाहण्यासाठी तेजाबाचा (आम्लाचा) थेंब टाकू देऊ नये. त्याचा डाग कायमचा राहतो. सराफाकडे क्ष-किरणांवर चालणारे यंत्र असल्यास त्यावर तपासावे, मात्र ते केवळ पृष्ठभाग वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. घरच्या घरी घनता काढता येते. समजा, भांडे कोरडे असताना ४२० ग्रॅम भरले. मग डिजिटल काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य करावा आणि भांडे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असे धरावे. काटा ४० दाखवत असेल तर घनता ४२० भागिले ४०, म्हणजे १०.५, अर्थात चांदीची. जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) किंवा पितळ असेल तर ती नऊच्या खालीच राहते. पोकळ मूठ, राळ भरलेली बैठक किंवा आत अडकलेली हवा असल्यास हा हिशेब चुकतो.

चहादाणीच्या मुठीत उष्णता अडवणाऱ्या पांढऱ्या चकत्या असतात. त्या हस्तिदंती असतील तर वन्यजीव कायद्यामुळे तो नग विकत घेऊ नये. शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तूला १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो: विक्रेत्याकडे परवाना हवा आणि खासगी व्यक्तीला ती वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. पावतीवर वजन, वर्णन आणि परवाना क्रमांक लिहून घ्यावा.

घरी आणलेले भांडे रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नये. प्राण्यांचे केस आणि पार्श्वभूमीचे ठिपके त्यानेच पुसट होतात. खाडीकाठच्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते, म्हणून धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी आणि रबरबँड मात्र कधीही लावू नये, कारण त्यातल्या गंधकाचा काळा पट्टा चांदीवर उमटतो.