खालचे सूर अडतात? सॅक्सोफोनमधली छुपी गळती अशी शोधा

मधल्या सप्तकात अल्टो सॅक्सोफोन छान वाजतो, पण लो बी आणि बी-फ्लॅट या अगदी खालच्या सुरांना गुरगुरतो. अशा वेळी लगेच सल्ले येतात: रीड (फुंकताना थरथरणारी वेताची चीप) बदला, जोर लावून फुंका. दोन्ही सोडून द्या. खालचा सूर निघायला वरची सगळी भोकं बंद असावी लागतात, त्यामुळे सूर खाली अडतो तेव्हा गळती बहुतेकदा वरच्या पॅडखालीच, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामडी गादीखालीच असते.

नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी, आधी उरकून घ्या. रुंद टोक तळव्याने आणि ऑक्टेव्हचं भोक बोटाने बंद करून हलकेच फुंका. हवा अडली पाहिजे.

मग जी-शार्प. एफ वाजवत डाव्या करंगळीने जी-शार्पची की दाबा. सूर हलला, तर त्या पॅडवरचा छोटा स्क्रू किंचित आवळा. जास्त आवळलात तर एफ-शार्पचं पॅड उघडं राहील. लो बी, बी-फ्लॅटच्या कीज बहुतेक वाद्यांत जी-शार्पचीही की दाबतात, म्हणून दोष इथला आणि अडचण तिथे.

अंधारात नळीत एलईडीची पट्टी सोडली की मोठ्या फटी दिसतात. पण नुसत्या उजेडावर विसंबू नका. लोक की गच्च दाबतात, मऊ पॅड चेपतं, उजेड दिसेनासा होतो आणि वाद्य निर्दोष ठरतं. वाजवताना एवढा जोर कोण लावतं?

मला सगळ्यात जड गेली ती कागदाची पारख. सिगारेट वळायच्या कागदाची 3-4 मि.मी. रुंद पट्टी कापा. ती पॅडखाली बिजागरीच्या बाजूला, समोर आणि दोन्ही कडांना, अशी पाळीपाळीने ठेवा. वाजवताना टेकतं तेवढंच बोट टेकवा आणि पट्टी ओढा. चारही ठिकाणी पकड सारखी लागली पाहिजे. बिजागरीकडे घट्ट आणि समोर सैल लागली, तर पॅड तिरकं बसलंय.

उजव्या हाताच्या एफ, ई, डी या कीज वरचं एफ-शार्पचं पॅडही बंद करतात. तिथे दोन पट्ट्या एकदम लावा, एक दाबलेल्या कीच्या पॅडखाली आणि एक एफ-शार्पच्या. दोन्ही एकाच क्षणी धरल्या पाहिजेत. एफ-शार्पची सैल असेल तर जुळणीचा स्क्रू फिरवा. स्क्रू नसेल तर दांडी जिथे टेकते तिथल्या बुचाखाली कागदाचा थर चिकटवा. की वाकवून जुळवायचा सल्ला अजिबात ऐकू नका.

तिरकं पॅड सरळ करायला ते ज्या धातूच्या वाटीत बसवलेलं असतं ती बाहेरून जपून गरम करा. आतली लाख मऊ झाली की पॅड बेताने हलवा, की अलगद बंद करा आणि थंड होऊ द्या. ज्योत एका जागी धरलीत तर वाद्याचा मुलामा जळतो, म्हणून ती फिरती ठेवा. चामडं फाटलेलं किंवा कडक झालेलं पॅड सरळ बदला. नव्या पॅडलाही फट राहत असेल तर भोकाची कड असमान आहे. तिला घरी कानस लावू नका, कारागिराकडे द्या.

आता लो बी-फ्लॅट अगदी हळू वाजवा. जोर लावल्याशिवाय निघत नसेल, तर पट्ट्या घेऊन पुन्हा वरच्या पॅडपासून सुरू करा.