ड्रममधल्या धुराचा कडूपणा असा गेला

शेतातल्या गोठ्यामागे २०० लिटरच्या लोखंडी ड्रमची भट्टी केली आहे. तळाशी कोळसा, वर आडव्या सळईला आकड्यांनी टांगलेले पोर्क चॉप्स. पहिल्या दोन्ही वेळा मांस वरून काळंकडू आणि हाडाजवळ कच्चं निघालं. जीव हळहळला.

झाकणाला आतून बोट लावलं तर डांबरासारखा तपकिरी चिकटा. तिथेच कळलं. मी धुरासाठी ओली बाभूळ न् मूठभर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, टाकत होतो, आणि तळाची भोकं राखेनं बुजलेली. हवा कोंडली की लाकूड धड जळत नाही. दाट पांढरा धूर निघतो, तोच मांसावर बसतो. पऱ्हाट्यांवर तर हंगामभर फवारणी झालेली असते. त्या अन्नाखाली जाळायच्याच नाहीत, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

आता आधी राख काढतो, भोकं मोकळी करतो. कोळशावर पांढरी राख धरल्यावरच चॉप्स टांगतो, सोबत आंब्याच्या वाळल्या लाकडाचा एकच तुकडा. धूर पातळ, निळसर असायला हवा. झाकण सारखं उघडायचं नाही. हवा शिरली की टपकणारी चरबी भडकते.

धुरावरचं मांस शिजूनही आत गुलाबी राहू शकतं, म्हणून रंगावर जात नाही. हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसतो. ६३ अंश सेल्सिअस आणि खाली काढून ३ मिनिटं विसावा पुरतो म्हणतात, पण मी ७० पर्यंत जाऊ देतो.

वांगी, कांदे कडेच्या जाळीवर. परवा मोठ्या भावानं आधी वांगंच मागितलं.