शिवारातली माती मळताना या चुका टाळा

गावात मातीकामाचं शिबिर ठरलं की बरेच कलाकार शहरातून तयार मातीची पोती घेऊन जातात. माझ्या मते पहिली चूक हीच. त्या मातीत मुलं वाटी करायला शिकतील, पण आपल्या रानाबद्दल काहीच नाही.

अर्थात रानातली माती आणली आणि लगेच मळायला घेतली, असंही होत नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी माती ओली असताना लोण्यासारखी लागते. पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडतात त्याच भेगा भांड्यालाही पडतात. तिच्यात बारीक वाळू किंवा चाळलेली वाळकी लीद मिसळा. प्रमाण अंदाजाने ठरवू नका. ओल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा, पट्टी सावलीत वाळवा, मग रेघ मोजा. ती 9 च्या खाली गेली तर वाळू वाढवा.

मला सगळ्यात महाग पडली ती चुनखडी. एका शिबिरात पणत्या आव्यातून, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीतून, छान लाल निघाल्या, घरोघरी गेल्या. चार दिवसांनी एक मुलगी काठाचा टवका उडालेली पणती घेऊन आली. उडालेल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. भाजताना चुनखडीच्या खड्याची चुनकळी होते, ती हवेतला ओलावा ओढून फुगते आणि भांडं फोडते. काळ्या रानात हे खडे बरेचदा असतात. मातीवर व्हिनेगर टाकून पाहा, फसफसली तर सावध व्हा. मग ती भरपूर पाण्यात कालवून बारीक जाळीतून गाळायचीच. इथे आळस करू नका.

ओलसर भांडी आव्यात रचू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटतात.

गावात कुंभार असेल तर त्याला समारोपाच्या सत्कारापुरतं बोलावू नका, माती निवडायलाच सोबत न्या. एका आजोबांनी आमच्या मातीची चिमूट दाताखाली धरली आणि म्हणाले, "कचकचतीय. तळ्याच्या कडेची घ्या." आमचे दोन दिवस वाचले.

शेतातून माती घेताना मालकाला विचारा. वरची सुपीक माती बाजूला काढा, खालची घ्या, खड्डा बुजवून वरची परत वर पसरा. हे काम मुलांसोबतच करा. मोडलेली कच्ची भांडी फेकू नका. बादलीत भिजत घाला, दुसऱ्या दिवशी परत मळता येतात.